मोडलेल्या पात्याची पूजा

खंडेनवमीला पाटावर येणाऱ्या शस्त्रांची अप्रसिद्ध कुळकथा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, नऊ माळा चढतात आणि खंडेनवमीचा दिवस उजाडला की घरोघरची आयुधे पुसून पाटावर मांडली जातात. गिरगावच्या वाड्यांमधून त्या दिवशी फेरी मारावी. कोठे शिवणयंत्राला झेंडूची माळ घातलेली दिसते, कोठे सुताराच्या वाकसाला आणि करवतीला हळदकुंकू लागलेले असते, कोठे लेखणी व वह्या पाटावर येतात, तर दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुलांच्या पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती विराजमान होते. ज्याचे जे साधन, ते त्याचे शस्त्र. आणि जे शस्त्र, ते जगदंबेचे रूप. ही भावना आपल्या घरांत इतकी मुरली आहे की तिचा निराळा उपदेश कोणाला करावा लागत नाही.

मात्र काही घरांत या साधनांच्या ओळीत एखादे खरेखुरे जुने शस्त्रही असते. कोकणातून किंवा देशावरून मुंबईला येताना कोणा पूर्वजाने ट्रंकेच्या तळाशी घालून आणलेली कट्यार, मूठ हलू लागलेली तलवार, नाहीतर काठीत दडलेली गुप्ती. वर्षातून एकदा ती माळ्यावरून खाली उतरते, गंधाक्षता घेते आणि पुन्हा अंधारात जाते. अशा शस्त्राकडे नीट निरखून पाहिले तर पुष्कळदा एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ते आज ज्या रूपात आहे त्या रूपात ते मुळात जन्मलेलेच नसते. कट्यारीचे पाते एके काळी लांब तलवारीचे होते, तलवारीचे पाते सातासमुद्रापलीकडून आलेले आहे, गुप्तीच्या पोटातील पोलाद कोणा शिलेदाराच्या कमरेला शोभलेले आहे, असे ते पातेच सांगत असते.

येथे भाविक मनात एक शंका साहजिकच उभी राहते. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही. तिचे विधिपूर्वक विसर्जन करतो. मग मोडलेल्या पात्यातून घडविलेल्या शस्त्राला पूजेचा अधिकार कसा? जे मूळचे राहिले नाही, ते पवित्र कसे?

पुराणांची साक्ष

या शंकेचे उत्तर आपल्या पुराणांनीच देऊन ठेवले आहे. विष्णुपुराणातील सूर्य आणि संज्ञा यांची कथा सर्वश्रुत आहे. पतीचे तेज असह्य झालेल्या संज्ञेसाठी तिचा पिता विश्वकर्मा याने सूर्याला चरकावर धरून त्याच्या तेजाचा काही अंश तासून काढला. जो कीस खाली पडला तो वाया गेला नाही. त्यातूनच विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूल आणि कार्तिकेयाची शक्ती ही आयुधे घडली. एकाच तेजाला निरनिराळी रूपे मिळाली. तेज कोठे उणे झाले नाही.

दधीचि ऋषींची कथा तर याहून सूचक आहे. त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र झाले, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ब्रह्मपुराणातील गौतमी-माहात्म्यात या कथेचा एक पूर्वभाग आहे. देवांनी आपली शस्त्रे दधीचींच्या आश्रमात ठेव म्हणून ठेवली. दीर्घकाळ कोणी ती परत नेली नाहीत, तेव्हा ऋषींनी त्या शस्त्रांचे सत्त्व जलरूपाने प्राशन केले. ते त्यांच्या अस्थींत उतरले आणि म्हणूनच त्या अस्थींचे वज्र होऊ शकले. म्हणजे देवराजाचे सर्वश्रेष्ठ शस्त्र हेच मुळी जुन्या शस्त्रांच्या सत्त्वातून नव्याने घडलेले आहे!

मूर्ती आणि शस्त्र यांत शास्त्रदृष्टीने भेद आहे तो येथेच. मूर्तीत देवता प्रतिष्ठित होते ती तिच्या अभंग आकारामुळे. शस्त्र पूज्य होते ते त्याच्या सामर्थ्यामुळे. आकार भंगला तर मूर्ती विसर्जनास जाते. शस्त्र मोडले तर ते लोहाराकडे आणि शिकलगाराकडे जाते व नवा जन्म घेऊन परत येते. मंदिराच्या बाबतीत आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो, तोच हा शस्त्राचा जीर्णोद्धार होय.

परदेशी पाते, मराठी मूठ

मराठ्यांच्या शस्त्रांचा इतिहास या दृष्टीने पाहिला की तो फार बोलका वाटू लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील तलवारीची पाती मोठ्या प्रमाणावर पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती येत. पुढे इंग्रजांनी सुरतेस आणलेल्या मालातही तलवारीची पाती होती. ही सरळ, लांब आणि लवचिक पाती दख्खनमध्ये नावाजली गेली. फिरंग्यांकडून आलेली म्हणून तिचे नाव ‘फिरंग’ पडले.

ती होती तशीच मात्र येथे कोणी वापरली नाही. परदेशी मूठ येथील हाताला मानवणारी नव्हती. आपल्या कारागिरांनी पात्याला येथील घडणीची मूठ दिली, बोटांच्या रक्षणासाठी परज दिली, आणि मुठीपासून निघणाऱ्या पोलादी पट्ट्यांनी पात्याची दोन्ही अंगे कवटाळून ती खिळ्यांनी जखडली. तेच पाते कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी खोबणीला जोडले की त्याचा दांडपट्टा होई. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, त्याचे जुने नमुने पाहिले तर कित्येकांचे पाते युरोपातील असल्याचे आढळते. पाते परमुलखाचे, मूठ मराठी, आणि युद्धविद्या सर्वस्वी आपली!

याचे सर्वांत ठळक उदाहरण अलीकडेच मुंबईकरांच्या दृष्टीस पडले. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळविली, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. तिचे स्वागत होऊन ती प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकदर्शनासाठी ठेवण्यात आली. ही तलवार सरळ, एकधारी असून तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे, मुठीवर सोन्याचे कोफ्तगरी काम आहे, आणि पात्याच्या पाठीवर सोनेरी देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरून शेवटी ‘फिरंग’ हा शब्द घातलेला आहे. आपल्या शस्त्राचे पाते परदेशी आहे हे त्या पराक्रमी सेनानीने लपविले नाही. उलट ते सोन्याच्या अक्षरांत लिहविले. ज्याने बंगालपर्यंत मराठ्यांचा दरारा नेला, त्याला आपल्या तलवारीचे कूळ सांगण्याचा संकोच वाटला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेली आणि तेथील राजसंग्रहात शिवछत्रपतींची म्हणून नोंदलेली तलवार हीदेखील युरोपीय पात्याचीच आहे. तिच्यावर ‘आय एच एस’ अशी ख्रिस्ती धर्मचिन्हाची अक्षरे उमटविलेली आहेत. ‘जगदंबा’ या नावाने महाराष्ट्र जिचे स्मरण करतो, त्या तलवारीच्या पात्यावर परधर्माची मुद्रा असावी, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांस मात्र त्यात आपल्या परंपरेचे औदार्य दिसते. पाते कोठेही तापले असो, देवीच्या नावाने ते उचलले की ते देवीचे झाले.

तंजावरच्या कट्यारी

पाते अखंड असताना त्याला नवी मूठ देणे ही झाली एक तऱ्हा. पाते मोडल्यावर काय होई, हे पाहण्यासाठी मात्र दक्षिणेकडे, तंजावरला जावे लागते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निवर्तेपर्यंत ते भोसले घराण्याकडे राहिले. तेथील शस्त्रागार मराठ्यांना नायक राजांकडून मिळालेल्या आणि स्वतः मिळविलेल्या शस्त्रांनी समृद्ध होते. त्यातील कट्यारी जगभरच्या संग्रहालयांत आज मानाने मांडल्या जातात. मुठीवरची पानाफुलांची, याळीची नक्षी पाहावी तर एखाद्या दाक्षिणात्य देवळाच्या खांबाची आठवण व्हावी. आणि पाते पाहावे तर ते युरोपीय तलवारीचे कापलेले टोक! ‘आंद्रेया फेरारा’ या प्रसिद्ध इटालियन पातेकाराचे नावही अशा पात्यांवर आढळते.

असे का करीत? पहिले कारण पोलादाचे मोल. उत्तम पाणी दिलेले पाते ही सहजासहजी मिळणारी वस्तू नव्हती. लढाईत ते मध्येच मोडले, तरी उरलेल्या हातभर तुकड्याचे पोलाद तेवढेच कसदार असे. दुसरे कारण कारागिरीचे. पाते पुन्हा भट्टीत घातले की त्याचे पाणी उतरते आणि धार ठरत नाही. म्हणून जाणता कारागीर त्याला विस्तव दाखवीत नसे. छिन्नीने तोडून, कानशीने घासून, सहाणेवर टोक काढून ते कट्यारीच्या मुठीतून निघालेल्या दोन पट्ट्यांमध्ये बसवी आणि थंडच खिळ्यांनी ठोकून टाकी. तिसरे कारण कोणत्याही हिशेबात न बसणारे. जे पाते रणात यशस्वी ठरले, ते लाभलेले शस्त्र मानले जाई. ते टाकून देणे म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखविणे. वडिलांची तलवार मोडली तर मुलाने तिची कट्यार करून कमरेला लावावी, यात काटकसर होती, तशीच पितृभक्तीही होती.

या वैभवाचा शेवट मात्र दुःखद झाला. राज्य खालसा झाल्यावर १८६३ च्या सुमारास इंग्रज सरकारने ते शस्त्रागार मोडीत काढले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि उरलेल्यांचे तुकडे करून ती जुने लोखंड म्हणून विकली गेली. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात त्या शस्त्रागाराची हकिकत लिहिली, म्हणून आज तिचा माग लागतो. शतकानुशतके ज्या पोलादाने एका रूपातून दुसऱ्या रूपात जात आपले तेज टिकविले, ते पोलाद भंगाराच्या तराजूत गेले.

काठीत दडलेली तलवार

ज्या वर्षी ती हकिकत छापली गेली, त्याच १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्यात पालट करण्याची मागणी केली होती. निःशस्त्रीकरणाच्या त्या काळात उघडी तलवार कमरेला लावण्याचे दिवस संपले. पोलाद मात्र संपत नसते. ते आडोसा शोधते. काठीच्या पोटात बसणारी गुप्ती पूर्वीपासून होतीच. जुने पाते कानशीने निमुळते करून तिच्यात बसविणे अवघड नव्हते. भाल्याचा फाळ, सुरा, शेवटी कोयता, अशा पायऱ्या उतरत कित्येक पाती शेताच्या बांधावर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

गिरगावकरांना ही धातूची पुनर्जन्मकथा अपरिचित वाटू नये. शेजारच्या काळबादेवीत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि या परिसराने देशाला सुबक देवनागरी अक्षरे दिली. छापखान्यांत खिळे झिजले की ते टाकून देत नसत; वितळवून त्याच धातूची नवी अक्षरे ओतीत. काल ज्या शिशात गीतेची ओळ होती, त्यात उद्या पंचांगाची तिथी येई. अक्षर बदले, धातू तोच राही.

पात्याचे कूळ कसे ओळखावे

आपल्या घरातील शस्त्र या वर्षी पाटावर येईल तेव्हा ते उजेडाला धरून शांतपणे पाहावे. पात्यावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या उथळ पन्हळी असतील, तर त्या कोठे संपतात ते पाहावे. शस्त्र मूळचेच असेल तर पन्हळी टोकाच्या अलीकडे विचारपूर्वक थांबवलेल्या असतात. मोठे पाते कापून केलेले असेल तर त्या टोकाच्या कडेतून तशाच निसटून जातात, किंवा मुठीखाली एकाएकी तुटलेल्या दिसतात. कोठे अर्धेच अक्षर, अर्धेच चिन्ह उरले आहे काय, हे पाहावे. ज्यात खिळा नाही असे रिकामे छिद्र असेल, तर ते आधीच्या मुठीची खूण असू शकते. मुठीच्या पोकळीत पाते बसविण्यासाठी भरलेली लाख किंवा राळ दिसली, तर ती खरवडू नये. तीही त्या कुळकथेचे एक पान आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रूप बदललेले प्रत्येक शस्त्र या सन्मानास पात्र नसते. नळबाजारापलीकडे चोरबाजारात, किंवा अन्यत्रही, एका शस्त्राची मूठ दुसऱ्याच्या पात्यावर चढवून, त्यावर नवी सोनेरी अक्षरे उमटवून ‘शिवकालीन’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. पूर्वी कारागीर पात्याचे रूप बदली ते लढणाऱ्या हाताच्या गरजेसाठी. आज कोणी बदलतो ते घेणाऱ्याच्या श्रद्धेचा बाजार मांडण्यासाठी. पहिला जीर्णोद्धार, दुसरा केवळ लबाडी. दोन्हीत पोलाद तेच असले तरी हेतू तो नाही, आणि आपल्या धर्मात कर्माची किंमत हेतूवरून ठरते.

आज धोका कोठे आहे?

तंजावरचे शस्त्रागार सरकारने मोडले. आपल्या घरचे शस्त्र मात्र आपल्याच हातून जाण्याची भीती आहे. गिरगावचे रूप झपाट्याने पालटत आहे. जुन्या चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ मध्ये पूर्ण मार्गाने धावू लागलेल्या भुयारी मेट्रोच्या कामासाठीही काही इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. बिऱ्हाड हलताना माळा उपसला जातो आणि तांब्याचे घंगाळ, पितळी समई यांच्याबरोबर एखादे गंजके पातेही भंगारवाल्याच्या पोत्यात पडते. ‘मूठ वेगळी, पाते वेगळे, म्हणजे खरे नव्हे’ असे कोणी सांगितले की घरच्यांचेही मन निर्धास्त होते. वास्तविक मूठ वेगळी आणि पाते वेगळे हीच कित्येकदा त्याच्या खरेपणाची खूण असते!

दुसरा धोका अतिश्रद्धेचा. पूजेसाठी शस्त्र लखलखीत दिसावे म्हणून चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश-कागद घेऊन ते घासले जाते, अथवा यंत्रावर चमकविले जाते. त्या एका सकाळी तीनशे वर्षांची अक्षरे व सोन्याचे काम निघून जाते. चौपाटीवरून येणारी खारी, दमट हवा लोखंडाची आधीच वैरीण आहे. त्यात ओले गंध पात्यावर राहिले तर दुसऱ्या दिवशी तेथे गंजाचा डाग उमटतो.

म्हणून भाविकांस विनंती अशी की, शस्त्र कोरड्या मऊ कापडाने पुसावे. हळदकुंकू आणि अक्षता पात्यावर न वाहता त्याच्यासमोर ठेवलेल्या विड्याच्या पानावर वाहाव्यात. देवीला त्या तितक्याच पोचतात. पूजा आटोपल्यावर हाताचा घाम लागलेली जागा पुसून शिलाई-यंत्राच्या हलक्या तेलाचा पुसट हात फिरवावा. खाण्याचे तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. चामड्याची म्यान दमटपणा धरते, म्हणून पाते वर्षभर तिच्यात कोंडू नये. पात्यावरच्या खुणांची छायाचित्रे काढून, ते शस्त्र घरात कोणाकडून आले याची चार ओळींची टीप त्यासोबत ठेवावी. तलवार, कट्यार, गुप्ती ही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येतात, तेव्हा परवान्याविषयी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून निश्चिंत व्हावे. तसेच १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी जाणाऱ्या लेकीसुनांनी ध्यानात ठेवावे. सांभाळणे अशक्यच झाले, तर भंगाराची वाट न दाखविता एखाद्या संग्रहालयाशी बोलावे. फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे शस्त्रदालन तर गिरगावपासून हाकेच्या अंतरावर आहे; जुनी शस्त्रे कशी जपली जातात, हे मुलांना तेथे नेऊन दाखवावे.

अज्ञातवासाला जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि वर्षभराने ती जशीच्या तशी उतरविली, अशी कथा आपण दसऱ्याला ऐकतो. कलियुगातील शस्त्रांच्या वाट्याला तसे भाग्य नव्हते. ती मोडली, कापली गेली, मुठी बदलून दुसऱ्या हातांत गेली, काठीत लपली. आणि तरीही आपल्या पाटापर्यंत येऊन पोचली. त्यांचा हा प्रवास हाच त्यांचा अलंकार समजावा, आणि तो घासून काढू नये. या खंडेनवमीला घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बोलावून पात्यावरच्या तुटक्या पन्हळीवर बोट ठेवावे आणि सांगावे की, बाळांनो, हे एकदा मोडले होते; पण आपल्या माणसांनी ते टाकले नाही.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या मंगल शुभेच्छा. सोने घ्या, सोन्यासारखे राहा. आणि घरात पोलाद असेल तर तेही सोन्यासारखे जपा.